कोंबडीचा फ्लू माणसात येतो, मग टिकत का नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात वाघ बर्ड फ्लूने मेले, मग हा रोग माणसात येऊन कोरोनासारखा का पसरला नाही, पुढे पसरेल का, आणि घरच्या गावरान कोंबड्या ठेवायच्या की बाजारात नेऊन मोकळं व्हायचं?

कोंबड्या ठेवा. मी अमरावती जिल्ह्यात जनावरांचा डॉक्टर आहे. परसातल्या चार-सहा कोंबड्यांवर घरातल्या बाईचा तेल-मिठाचा खर्च निघतो हे रोज बघतो. भीतीपोटी त्या काढून टाका असं मी कुणालाच सांगणार नाही.

आता रोगाचं. विषाणू एखाद्याच्या अंगात शिरणं वेगळं आणि तिथून पुढच्याकडे जात राहणं वेगळं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू निघाला, आणि संशय कोंबडीच्या कच्च्या मांसावर होता. अशा मांसातून विषाणूचा मोठा डोस एकदम अंगात जातो. माणसातही शिरकाव होतोच. २००३ पासून जगभरात एच५एन१ ची नऊशेहून जास्त माणसं नोंदली गेली, त्यातली जवळपास निम्मी दगावली. आपल्या मेळघाटातच २०१९ मध्ये एका दीड वर्षाच्या बाळाला एच९एन२ हा पक्ष्यांचा फ्लू झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने शोधलं. भारतातला तो या विषाणूचा पहिला माणसातला रुग्ण. बाळ बरं झालं. पण यातून गावभर साथ उठली नाही.

का उठत नाही? पहिली अडचण चिकटण्याची. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला धरून आत शिरतो. हे आम्ल खालच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं. पक्ष्यांच्या विषाणूला एक तऱ्हा लागते, माणसांच्या विषाणूला दुसरी. आपल्या नाकात आणि घशात दुसरी तऱ्हा जास्त, पहिली मुख्यतः फुप्फुसाच्या तळाशी. त्यामुळे पक्ष्यांचा विषाणू खोल गेला तर न्यूमोनिया भयंकर करतो, पण नाका-घशात फारसा वाढत नाही, म्हणून खोकला-शिंकांतून दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. रोग इतका जीवघेणा असूनही साथ होत नाही, त्याचं मोठं कारण हे.

दुसरी अडचण वाढण्याची. पक्ष्याचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम, आपलं नाक जेमतेम ३३. पक्ष्यात सरावलेली विषाणूची यंत्रणा थंड जागी नीट चालत नाही. शिवाय स्वतःच्या नकला काढायला त्याला पेशीतल्या एका प्रथिनाची मदत घ्यावी लागते, आणि ते पक्ष्यात वेगळं, आपल्यात वेगळं. पण पीबी२ नावाच्या त्याच्या प्रथिनात ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्ल हा घटक जाऊन लायसिन हा दुसरा आला, की ही अडचण बरीचशी सुटते. एका जागेचा बदल! आणि फ्लूचा विषाणू नकला काढताना चुका सुधारत नाही, त्यामुळे असे बदल सतत होत असतात. २०१२ मध्ये प्रयोगशाळेतल्या दोन गटांनी दाखवलं की मोजक्या बदलांनंतर एच५ जातीचा विषाणू फेरेट या मुंगसासारख्या, माणसासारखाच फ्लू होणाऱ्या प्राण्यात हवेतून पसरू शकतो. म्हणून माणसात आलेला प्रत्येक संसर्ग मी गंभीरपणे घेतो. आजारी माणूस म्हणजे विषाणूला हे बदल करून बघायला मिळालेली जागा.

याहून जवळचा रस्ताही आहे. फ्लूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच तयार होतो. १९५७ च्या साथीत पक्ष्यांच्या विषाणूचे तीन तुकडे माणसाच्या विषाणूत आले होते, १९६८ मध्ये दोन. २००९ चा स्वाइन फ्लू डुकरांतून आला, त्यात पक्षी, डुक्कर आणि माणूस तिघांच्या विषाणूंचे तुकडे होते. डुकराला माणसाचाही फ्लू होतो आणि पक्ष्याचाही. आपल्याकडे उकिरड्यावर डुकरं फिरतात, तिथेच कोंबड्या चरतात, त्यामुळे मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकणं मला सगळ्यात जास्त खटकतं. खोल खड्डा करा, चुना टाका, पुरा.

पुढे पसरेल का, याची तारीख कुणी देऊ शकत नाही. पण विषाणूला संधी कुठे मिळते ते मात्र माहीत आहे. शिजवलेल्या रश्श्यात नाही, ७० अंशांवर तो मरतो. संधी मिळते ती कापताना. कोंबडी मलूल झाली, तुरा निळसर पडला, डोकं सुजलं, पायावर लाल ठिपके दिसले, की घरात कुणीतरी म्हणतं, "मरून वाया जाण्यापेक्षा कापून टाका." मग अंगणात बसून उघड्या हाताने मान कापायची, गरम पाण्यात बुडवून पिसं ओढायची, आतडी काढायची, आणि लेकरं भोवती बसलेली. हे मी वारंवार बघतो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. बाई, माणूस कुणीही असो, त्या वेळी नाका-डोळ्यांपर्यंत जे उडतं ते शिजलेलं नसतं. आजारी कोंबडी कापू नका, बाजारातही नेऊ नका, नाहीतर रोग दहा गावांत जातो.

ही लक्षणं मानमोडीत, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगातही दिसू शकतात, तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून एकदम तीन-चार मेल्या तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा. नमुने पुण्याला, तिथून भोपाळला जातात. बर्ड फ्लू निघाला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट करतात, आणि याच भीतीने लोक लपवतात. पण भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून घरच्याचाच तोटा होतो.

आणि घरात कुणाला साधा फ्लू असेल तर तुकड्यांची ती अदलाबदल टाळायला त्याने बरं होईपर्यंत खुराड्यात जाऊ नये, दुसऱ्याने तोंडाला रुमाल बांधून साफ करावं. कोंबड्या मेल्यानंतर आठ-दहा दिवसांत कुणाला ताप-खोकला आला तर सरकारी दवाखान्यात गेल्यावर आधी कोंबड्यांचं सांगा. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूवरचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं, आणि डॉक्टरला कोंबड्यांचं माहीतच नसेल तर तो ते सुरू करणार नाही.