जुने डेकल, रॅलीची गाडी आणि गेरू

प्रश्न : दादा, सफारी रॅलीवाल्या डॅटसन २४० झेडचं १/२४ चं मॉडेल किट कित्येक वर्षं माळ्यावर पडून होतं, आता उघडलं तर डेकल शीट (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या नंबर-चित्रांचा कागद) पार पिवळी. मला गाडी मळकीच दाखवायचीये, मग हेच डेकल लावले तर आयतंच काम होईल ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आयतं वाटतं खरं, पण नाही होणार. १९७३ ला शेखर मेहतांनी डॅटसन २४० झेडवरच पूर्व आफ्रिकेतली ही रॅली जिंकली, तेव्हा गाडीवरचे नंबर काही दिवसांपूर्वीच लावलेले असणार ना, ते पिवळे कुठून पडतील? रॅलीत गाडी मळते, म्हातारी होत नाही. शिवाय पिवळेपणा नंबरच्या पांढऱ्या गोलावरच नाही तर भोवतीच्या पारदर्शक फिल्मवरही असतो, म्हणजे रंगावर चहा सांडून वाळल्यासारखी कड दिसते. एखाद्या गोडाऊनमध्ये सडलेल्या व्हॅनला मात्र असले डेकल झकास दिसतात, मी तर जपून ठेवतो.

तुम्ही शीट झिपच्या पिशवीत घाला, छापील बाजू बाहेर करून उन्हाच्या खिडकीला आठवडा-दोन आठवडे चिकटवा, बराच पिवळेपणा उडतो. पावसाळ्यात हा उद्योग नको. मग नको असलेला एक डेकल कोमट पाण्यात टाकून बघा, तुकडे झाले तर बाकी शीटवर ग्लॉस क्लिअरचे (चकचकीत पारदर्शक लॅकरचे) दोन पातळ हात मारा, दिवसभर सुकवा, आणि प्रत्येक डेकल अगदी कडेने कापा कारण आता अख्ख्या शीटवर एकच फिल्म झालेली असते. गोंद मेला असेल तर पाण्यात फेविकॉलचा थेंब चालतो. खाली रंगावर ग्लॉस हवाच, नाहीतर हवा अडकून चंदेरी चट्टे दिसतात.

आता मळवायचं. तिकडची मुरमाची माती लालभडक, त्याला आपला कुंड्यांना लावायचा गेरू फिट्ट बसतो, फक्त मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. डेकलवर क्लिअर मारून सुकल्यावर २००० नंबरच्या पॉलिशपेपरने नंबरची पुढची कड हलकेच घासा, मग मऊ ब्रशने गेरू चाकांच्या मागे आणि दाराच्या खालच्या भागात. वर मॅट क्लिअर मारलात की निम्मा गेरू गायब होतो, म्हणून आधीच जरा जास्त लावा. मी पहिल्यांदा बेताने लावला होता, गाडी परत शोरूममधून आल्यासारखी.