कॅम्पिंगचा ट्रेलर, नंबर नाही, विमा नाही, आता काय?

प्रश्न : मी सांगलीत प्राध्यापक आहे. गेल्या वर्षी पुण्याजवळच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून दोघांना झोपता येईल असा छोटा कॅम्पिंग ट्रेलर बनवून घेतला. आत गादी, मागे ओटा आणि शेगडी, खाली पाण्याची टाकी, छतावर सोलर पॅनल. कारला हूक बसवण्यासह 3 लाख 80 हजार दिले. अडीच लाख बँकेतून, उरलेले रोख. पक्के बिल मिळाले नाही, डिलिव्हरी चलन आहे. ‘इंजिन नाही, त्यामुळे आरटीओ पासिंग लागत नाही’ असे मालकाने व्हॉट्सॲपवर लिहून दिले. दिवाळीत गणपतीपुळ्याला जाताना आंबा घाट उतरल्यावर, साखरप्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर ट्रेलर कारपासून सुटला आणि कडेला थांबलेल्या दुचाकीस्वाराला धडकला. त्याच्या पायाचे हाड मोडले. पोलिसांनी गुन्हा नोंदवून कार आणि ट्रेलर दोन्ही ठेवून घेतले आहेत. कारचा विमा चालू आहे, पण कंपनी म्हणते ट्रेलर पॉलिसीत नाही. वर्कशॉपवाला म्हणतो, पोलिसांकडून सुटला की ट्रेलर पाठवा, फुकट दुरुस्त करतो. मित्र म्हणतात, जखमीशी स्टॅम्पवर मिटवून टाक. ट्रेलरची आता तरी नोंदणी होईल का? शनिवार-रविवार तो भाड्याने द्यायचाही विचार होता.

उत्तर : ट्रेलर त्या वर्कशॉपला पाठवू नका. दुरुस्ती फुकट असो वा पैसे देऊन, तुमच्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा ट्रेलर कारला जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाला आहे आणि दुरुस्तीत तो सगळ्यात आधी बदलला जाईल.

तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. कारच्या हूकवर जो गोळा आहे, त्याच्या माथ्यावर 1-7/8 असा इंचातला आकडा ठोकलेला आहे, म्हणजे साधारण 47.6 मिलिमीटर. ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे गोळा पकडणाऱ्या तोंडावर, 50 (मिलिमीटर) उठवलेले दिसते. सपाट रस्त्यावर असा गोळा बसल्यासारखा वाटतो, लिव्हरही खाली जाते. गतिरोधकावर ट्रेलरचे नाक उचलले गेले की तो तोंडातून निसटू शकतो. दुसऱ्या फोटोत सेफ्टी चेनचा एस आकाराचा हूक जवळजवळ सरळ झालेला आहे. चेन होती, पण तिने भार पेलला नाही. चलनावर ‘टो बॉल फिटिंगसह’ असे लिहिलेले आहे, तेव्हा गोळा आणि कपलर दोन्ही एकाच हाताने बसवलेले. अपघातातल्या वाहनाची तपासणी करण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 136 मध्ये आहे. मोटार वाहन निरीक्षकाने ही दोन मापे आणि चेनची अवस्था अहवालात नोंदवावी, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याकडे उद्याच द्या आणि पोच घ्या.

आता ‘इंजिन नाही’ या युक्तिवादाबद्दल. तो पोलिसांपुढे, आरटीओपुढे किंवा कोर्टात पुन्हा काढू नका. कलम 2(28) मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे आणि कलम 61 म्हणते की नोंदणीचे सगळे नियम ट्रेलरलाही लागू. त्याच कलमात एक तरतूद आहे जी फारच थोड्या हौशी लोकांना ठाऊक असते : ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर दिसायला हवा, आणि ओढणाऱ्या कारचा नंबरही ट्रेलरवर लावायला हवा, कारण मागून येणाऱ्याला कारची पाटी दिसत नाही. तुमच्या ट्रेलरवर दोन्ही नव्हते. नोंदणीविना वाहन रस्त्यावर आणल्याबद्दल कलम 192 खाली पहिल्या वेळी 2,000 ते 5,000 रुपये दंड आहे. विमा नसल्याबद्दल कलम 196 खाली 2,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे आकडे मोठे नाहीत. खरी जोखीम जखमी माणसाच्या भरपाईची आहे.

परवान्याची काळजी मात्र सोडा. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचा परवाना निरुपयोगी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच म्हटले आहे. तोच तर्क तुमच्या कारच्या परवान्याला लावता येतो.

फौजदारी बाजू थोडक्यात. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, त्यामुळे भारतीय न्याय संहितेची कलमे 281 आणि 125(ब) लागली असणार. दोन्ही जामीनपात्र आहेत. गाड्या परत मिळवण्यासाठी वकिलामार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली सुपूर्दनाम्याचा अर्ज करा आणि कारचा अर्ज वेगळा ठेवा. तिची कागदपत्रे पूर्ण आहेत, ती लवकर सुटेल. विमा नसलेला ट्रेलर सोडताना कोर्ट तारण मागेल, ते देण्याची तयारी ठेवा. सुटला तरी तो कारला जोडून घरी आणू नका, टेम्पोवर चढवून आणा. पोलीस ठाण्यातून निघताना दुसरा गुन्हा करून घेणारे अशील मी पाहिलेत, म्हणून सांगतो. वाटेत वजनकाट्यावर ट्रेलरचे वजन करून पावती घ्या. ती नोंदणीच्या वेळी आणि ओव्हरलोडचा आरोप झाला तर, अशी दोन ठिकाणी लागणार आहे.

विमा कंपनीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ट्रेलरची मोडतोड तुमच्याच खिशातून जाणार, त्यावर वेळ घालवू नका. जखमीच्या भरपाईचा प्रश्न निराळा आहे, कारण ट्रेलरला तो वेग दिला तुमच्या कारने आणि कारचा थर्ड पार्टी विमा चालू होता. अपघात कारच्या वापरातून झाला, ही भूमिका मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे नक्की घ्या. कंपनी म्हणेल की धडकेच्या क्षणी ट्रेलर कारला जोडलेलाच नव्हता आणि त्याचा हप्ताही आम्ही घेतला नव्हता. निकाल काय लागेल याची हमी मी देणार नाही. 2007 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात ट्रॅक्टरचा विमा होता, ट्रॉलीचा नव्हता. न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले नाही, पण घटनेच्या कलम 142 खालचा विशेष अधिकार वापरून कंपनीलाच जखमीला आधी भरपाई द्यायला आणि मग ती मालकाकडून वसूल करायला सांगितले. असा आदेश झाला तर जखमीला पैसे वेळेत मिळतात, पण ते फेडायचे तुम्हीच. म्हणून समन्स आले की हजर राहा आणि लेखी म्हणणे द्या. कंपनीचा वकील आहे, तो बघेल, असे समजू नका. इथे तुमचे हित आणि कंपनीचे हित एकमेकांविरुद्ध आहे. अपघाताची लेखी खबर कंपनीला अजून दिली नसेल तर आजच ईमेल करा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 प्रमाणे ते चालकाचे कर्तव्यच आहे.

पाचशेच्या स्टॅम्पवर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेण्याचा सल्ला देणारे मित्र प्रत्येक अपघातानंतर उगवतात. तसा कागद न्यायाधिकरणापुढे फारसा टिकत नाही, आणि गंभीर दुखापतीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली कोणाची चूक हे न पाहताही अडीच लाखांची भरपाई मागता येते. त्या माणसाला मदत करायची असेल, आणि करावीच, तर रुग्णालयाचे बिल थेट रुग्णालयात ऑनलाइन भरा आणि पावत्या ठेवा. अंतिम रकमेतून ते वजा करून मागता येतील. तडजोड करायची तर न्यायाधिकरणासमोर, नोंद करून.

नोंदणी होईल का? इथे आशा कमी आहे, पण अर्ज करण्यात फायदा आहे. आरटीओत नमुना 20 हा मालकाचा अर्ज, 21 हे विक्री प्रमाणपत्र आणि 22 हे उत्पादकाने द्यायचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र. पहिला तुम्ही भराल, उरलेले दोन वर्कशॉपने द्यायचे. खिडकीवर पहिला प्रश्न येईल की हे मॉडेल कोणाचे आणि मान्यता कुठे आहे. मानकांमध्ये 750 किलोपर्यंतचा ट्रेलर टी-1 गटात आणि त्यावरचा 3,500 किलोपर्यंतचा टी-2 गटात जातो, म्हणून ती वजनकाट्याची पावती. चासीवर क्रमांक ठोकलेला आहे का तेही पाहा, फोटोत मला कुठे दिसला नाही. वर्कशॉपकडे हे कागद नसणार असाच माझा अंदाज आहे.

तरीही अर्ज करा, कारण नोंदणी नाकारायची तर कलम 45 प्रमाणे आरटीओला कारणे लेखी द्यावी लागतात. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत येऊ नका. अर्ज आवक-जावकमध्ये द्या आणि लेखी उत्तर मागा. नंबर मिळाला तर ट्रेलर वाचला. नकार मिळाला तर ‘पासिंग लागत नाही’ म्हणणाऱ्याने रस्त्यावर आणता न येणारे वाहन विकले, याचा सरकारी दाखला हातात आला. नकाराविरुद्ध कलम 57 खाली 30 दिवसांत अपीलही आहे, पण तुमच्या जागी मी तो कागद घेऊन ग्राहक आयोगाकडे गेलो असतो. उशिराने अर्ज केल्याबद्दल कलम 192ब खाली कराच्या पटीत दंड लागू शकतो, तो भरून टाका.

ग्राहक आयोगाकडची बाजू तुमच्यासाठी सर्वांत भक्कम आहे. तक्रार सांगलीतच करता येते, पुण्याला खेटे नकोत, कारण 2019 च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथला जिल्हा आयोग चालतो. किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ट्रेलरची पूर्ण किंमत, व्याज, मनस्ताप आणि खर्च मागा. सदोष वस्तूमुळे झालेल्या नुकसानीसाठी उत्पादकाची जबाबदारी याच कायद्यात स्वतंत्र प्रकरणात आहे. पक्के बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रोख दिलेल्या 1 लाख 30 हजारांचा पुरावा मात्र गोळा करावा लागेल : बँकेतून रक्कम काढल्याच्या नोंदी, त्या दिवशीचे संदेश, ‘बाकी रोख आणा’ असे कुठे लिहिले असेल तर ते. व्हॉट्सॲपचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन सांभाळा आणि संदेशांची निर्यात करून ठेवा.

समोरचा वकील काय म्हणेल ते आत्ताच सांगतो. देखभाल केली नाही, ओव्हरलोड केला, चेन नीट लावली नाही. बेअरिंगला ग्रीस केल्याच्या, टायर बदलल्याच्या पावत्या असतील तर काढून ठेवा. पाण्याची टाकी भरून घाटातून निघाला होतात का, हे मला खरे सांगा, कारण तो प्रश्न उलटतपासणीत येणारच. कारच्या मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता दिली आहे का तेही वाचून कळवा. ‘या गाडीने काही ओढू नये’ असे त्यात छापलेले निघाले तर आपली तक्रार थोडी वेगळ्या पद्धतीने मांडावी लागेल : ते न पाहता हूक बसवून देणारा व्यावसायिक कोण, हा प्रश्न मग पुढे करायचा.

वर्कशॉपला आधी रजिस्टर्ड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस द्या. मसुदा करताना मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ चा उल्लेख घाला. बांधणीचे नियम मोडणारे वाहन विकणाऱ्या उत्पादकाला त्याखाली दर वाहनामागे एक लाख रुपये दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बहुतेकदा एवढ्यावर बोलणी सुरू होतात. फोन आला तर फोनवर काही कबूल करू नका, लेखी द्या म्हणा.

भाड्याने देण्याचा विचार सध्या बाजूला ठेवा. राज्य सरकारने मार्च 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि त्यात कॅम्पर ट्रेलरचाही उल्लेख आहे, हे खरे. पण ते धोरण पर्यटन विभागाचे आहे आणि आरटीओच्या नोंदणीची जागा घेत नाही. भाडे घेतले की वापर व्यावसायिक झाला, मग परमिट आणि वेगळा विमा आला, आणि आत ठेवलेला घरगुती गॅस सिलिंडरही तिथे चालत नाही. नोटीस पाठवण्याआधी चलन, बँकेचा उतारा, पंचनाम्याची प्रत आणि विमा कंपनीचे पत्र यांच्या प्रती मला पाठवा.