ड्रोन, जीपीआर (जमिनीत लहरी सोडून आतलं दाखवणारं रडार) आणि सॅटेलाइट असताना उत्खननात टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) आणि पायी सर्वेक्षण शिकण्यात अर्थ आहे का?

प्रश्नात तुम्ही टोटल स्टेशन आणि पायी सर्वेक्षणाला 'जुनाट मोजणी' म्हणालात, सॉफ्टवेअर कोणतं शिकावं तेही विचारलंत, म्हणून लिहायला बसलो. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस, पुरातत्त्वाची पदवी माझ्याकडे नाही. पण उत्खननांवर मोजणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अर्थ आहे, आणि पूर्वीपेक्षा जास्त आहे.

भीमेच्या खोऱ्यात एका पांढरीच्या टेकाडावर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या उंचवट्यावर, काम चाललं होतं. निम्म्या भागात शेती. पहिल्याच हंगामात मी प्रमुखांना सांगितलं, टेकाडाच्या बाहेर काँक्रीटमध्ये तीन बेंचमार्क, म्हणजे मोजणीसाठीच्या कायमच्या खुणा, पक्के करून घेऊ. ते म्हणाले, "खुंट्या ठोक, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी पोचलो तर शेतात रोटाव्हेटर फिरलेला, एकही खुंटी जागेवर नाही. बुजवलेल्या ट्रेंचचा (उत्खननाच्या खड्ड्याचा) कोपरा पुन्हा खणून शोधावा लागला. आडवी मापं कशीबशी जुळली, उंची जुळली नाही. जुन्या ट्रेंचमधली चूल आणि नव्यातली सारवलेली जमीन एका काळातली की नाही, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्याच हंगामात जीपीआर भाड्याने आणला. पाऊस नुकताच उघडलेला, काळी माती आत ओलीच. ओल्या चिकणमातीत विजेचं वहन जास्त, त्यामुळे रडारची लहर तिथेच जिरते. शिवाय ताम्रपाषाण काळातली (तांबं आणि दगड दोन्ही वापरत त्या काळातली) घरं कुडाची आणि मातीची, मातीत माती दिसणार कशी? जमिनीतला चुंबकीय फरक टिपणाऱ्या मॅग्नेटोमीटरचाही विचार झाला, पण आपला बेसॉल्टच चुंबकीय, त्याचे गोटे मातीत सगळीकडे. शेवटी दोरीने पाच-पाच मीटरचे चौकोन आखले, प्रत्येक चौकोनातली खापरं वेगळ्या पिशवीत भरली आणि मोजून कंटूर नकाशावर (जमिनीचे चढउतार रेषांनी दाखवणाऱ्या नकाशावर) मांडली. तांबड्यावर काळी नक्षी असलेली, ताम्रपाषाण काळातल्या जोर्वे संस्कृतीची खापरं दक्षिण उतारावर दाटली होती. तिथे खणलं आणि घराची जमीन लागली. अहवालात जीपीआरला स्वतंत्र प्रकरण आहे. कंटूर नकाशाखाली मोजणाऱ्याचं नाव नाही.

ड्रोनचंही तेच. जमिनीवर मोजलेले कंट्रोल पॉइंट (जागा नक्की माहीत असलेल्या खुणा) नसतील, तर ऑर्थोफोटो, म्हणजे ड्रोनच्या फोटोंतून केलेला नकाशासारखा फोटो, नुसता देखणा फोटो असतो. जीपीएस देतं ती उंची लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्याकडे या दोन्हींत ५० मीटरहून जास्त फरक पडतो. जुन्या उत्खननाच्या पातळ्या लेव्हलने (उंचीतला फरक मोजणाऱ्या दुर्बिणीच्या यंत्राने) समुद्रसपाटीपासून किंवा स्थानिक खुणेपासून काढलेल्या असतात, त्यांच्याशी हे आकडे थेट जुळवायला गेलात तर सगळा घोळ होतो.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी यंत्रांच्या विरोधात आहे असं वाटेल. कोरड्या वाळूत जीपीआर उत्तम चालतो. कंबोडियातल्या अंगकोरला २०१२ साली लायडारने, म्हणजे विमानातून लेझर सोडून जमीन मोजणाऱ्या यंत्राने, जंगलाखालचे रस्ते आणि वस्त्यांची आखणी दाखवली, ते पायी फिरून होणारं काम नव्हतं. कोकणातल्या कशेळीचा, कातळावर कोरलेला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब. त्याच्याशेजारी उभं राहून तो पुरता नजरेत येत नाही, ड्रोनने येतो. पण रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं सापडली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्या हौशी शोधकांनी सडे (कातळाची पठारं) तुडवून, गावकऱ्यांना विचारून. आणि १९६० ते १९७२ दरम्यान घेतलेली, १९९५ मध्ये खुली झालेली अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरी उपग्रहांची चित्रं जरूर बघा. आज सपाट झालेलं एखादं टेकाड त्यात शाबूत दिसू शकतं.

सॉफ्टवेअर विचारलंत, तर नकाशे करायचं क्यूजीआयएस. फुकट आहे, पुरतं. त्याआधी लेव्हल लावून फेरी बंद करायला, म्हणजे मोजत मोजत सुरुवातीच्या खुणेवर परत येऊन चूक तपासायला, शिका. आणि उत्खननावर कुणी "खुंट्या ठोक" म्हणालं, तर काँक्रीटच्या खर्चाची मागणी लेखी द्या. नकार आला तर तोही लेखीच घ्या.