वाचकांचे प्रश्न : लुक्लाची धावपट्टी

प्रश्न : मी घरच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ट्विन ऑटर विमान नेपाळमधील लुक्लाला उतरवण्याचा सराव करतो. सपाट धावपट्टीवर मला अडचण येत नाही. लुक्लाला मात्र विमान बहुतेक वेळा धावपट्टीच्या अलीकडच्या कड्यावर आदळते. माझे कुठे चुकते? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली चूक हाताची नसून डोळ्यांची आहे, आणि तिचा धोका खऱ्या वैमानिकांनाही तितकाच असतो. लुक्लाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,845 मीटर उंचीवर आहे, ती अवघी 527 मीटर लांब आहे आणि तिला 11.7 टक्के चढ आहे. म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत जमीन जवळजवळ साठ मीटर चढत जाते. सपाट धावपट्टीकडे तीन अंशांच्या कोनातून येताना ती समोरच्या काचेतून कशी दिसते, याचे चित्र सरावाने आपल्या मनात पक्के बसलेले असते. चढाची धावपट्टी आपल्याकडे तोंड करून उभी असल्यामुळे काचेत अधिक लांबट दिसते आणि आपण फार उंचावर आहोत, असा भास होतो. मग वैमानिक नकळत इंजिनांची शक्ती कमी करतो, ओळखीचे चित्र जुळले म्हणून निश्चिंत होतो, आणि प्रत्यक्षात विमान असायला हवे त्यापेक्षा कितीतरी खाली गेलेले असते.

यावर उपाय असा, की डोळ्यांना काय वाटते यापेक्षा आकड्यांना महत्त्व द्यावे. धावपट्टीपासून ठरावीक अंतरावर विमान किती उंचीवर असले पाहिजे, हे आधी कागदावर मांडावे आणि उंचीमापक तसे सांगत नसेल तर लगेच सुधारणा करावी. टेकण्याच्या क्षणीही लुक्ला वेगळेच असते. सपाट जमिनीवर आपण उतरता मार्ग केवळ सपाट करतो. येथे तो साडेसहा अंशांहून अधिक चढाला समांतर करावा लागतो, म्हणून नाक नेहमीपेक्षा बरेच जास्त आणि थोडे आधी उचलावे लागते. त्यासाठी वेग शिल्लक असला पाहिजे. शक्ती पूर्ण काढून घेतलेले विमान त्या क्षणी जड होऊन खाली बसते.

विरळ हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. लुक्लाच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश असते. त्यामुळे वेगमापकावर 75 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) दिसत असताना हवेतला खरा वेग 86 नॉटच्या आसपास असतो, आणि थांबवण्यासाठी जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढलेली असते. चढ ती जिरवायला मोठी मदत करतो; चढ नसता, तर इतक्या आखूड पट्टीवर या विमानांना नियमित उतरवणे फारच कठीण झाले असते. भीती वाटते ती या चढाचीच, पण उतरणाऱ्या विमानाला सावरून धरणाराही तोच आहे.

खरा धोका याच्या पलीकडे आहे. वरच्या टोकाला दगडी भिंत आहे आणि तिच्यामागे गाव व डोंगर आहेत. एका ठरावीक बिंदूनंतर विमान वर उचलून पुन्हा फेरी मारता येत नाही, कारण समोरची जमीन विमानापेक्षा वेगाने चढते. त्यामुळे माघारीचा निर्णय त्या बिंदूच्या आधी, दरी रुंद असताना घ्यावा लागतो. 8 ऑक्टोबर 2008 रोजी धुक्यात येथे उतरू पाहणारे ट्विन ऑटर धावपट्टीच्या अगदी अलीकडे आदळले आणि विमानातील 19 जणांपैकी केवळ कॅप्टन वाचले. 27 मे 2017 रोजी एक एल-410 मालवाहू विमानही धावपट्टीच्या पातळीखाली आदळले. त्यात दोन वैमानिक दगावले. या दोन तारखा मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. दोन्ही विमाने धावपट्टीपर्यंत पोहोचलीच नव्हती, हे आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे.

सिम्युलेटर कोन, खुणा, वेग आणि क्रम शिकवतो आणि तो हे काम उत्तम करतो. मी अनेक वर्षे लहान विमानांवर विद्यार्थ्यांना शिकवले आहे, आणि घरी असा सराव करून आलेला विद्यार्थी नवखेपणातल्या कितीतरी चुका टाळतो, हे मी पाहिले आहे. परंतु आदळल्यानंतर एक बटण दाबून पुन्हा आरंभ करता येत असल्यामुळे 'पाहू या, जमते का' अशी सवय मनात मुरते, आणि मला तिचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे : पुढच्या वेळी सिम्युलेटरमध्ये ढग आणि वारा बदलते ठेवा, नकाशावर माघारीचा बिंदू ठरवा, आणि तेथे धावपट्टी स्पष्ट दिसत नसेल किंवा वेग-उंची जुळत नसेल, तर विमान वळवून परत न्या. ते उड्डाण यशस्वी म्हणूनच वहीत नोंदवा.

प्रश्न : एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या पदभ्रमणासाठी आम्ही पुण्याहून दहा जण जाणार आहोत. लुक्लाची विमाने पहाटे का सुटतात, आणि हवा निरभ्र दिसत असतानाही ती रद्द का होतात? — एक वाचिका, पुणे

उत्तर : सकाळी दऱ्यांतील हवा शांत असते. ऊन चढले, की तापलेली हवा दरीतून वर वाहू लागते, दुपारपर्यंत वारा जोर धरतो आणि ढग उतारांवर चढत येतात. लुक्लाला ढगांतून आपोआप मार्ग दाखवणारी उपकरणयंत्रणा नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. काठमांडूवर आकाश स्वच्छ असले, तरी लुक्लाच्या खालच्या दरीत ढगाचा एक पट्टा अडकला असेल, तर उड्डाण थांबवणेच योग्य असते. गर्दीच्या हंगामात बरीच उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछापहून होतात, कारण तेथून अंतर कमी पडते आणि चांगल्या हवेच्या थोड्या तासांत अधिक फेऱ्या होतात. मात्र त्यासाठी आपल्याला मध्यरात्रीनंतर काठमांडू सोडून मोटारीने जावे लागेल.

परतीच्या विमानाच्या आधी निदान दोन दिवस राखून ठेवा, आणि मुंबईच्या विमानाचे तिकीट त्या दिवसांच्या पुढचे काढा. हे मी केवळ आपल्या सोयीसाठी सांगत नाही. खाली ताटकळलेले प्रवासी आणि त्यांच्या चुकणाऱ्या विमानांची यादी यांचा दबाव अखेर वैमानिकाच्या आसनापर्यंत पोहोचतो. 29 मे 2022 रोजी पोखराहून जोमसोमला निघालेले ट्विन ऑटर ढगाळ हवेत डोंगरावर आदळून 22 जण मृत्युमुखी पडले. त्यांत ठाण्याचे प्रवासीही होते. तेथेही विमान धावपट्टीपर्यंत पोहोचले नव्हते. उड्डाण रद्द झाल्याची सूचना आली, तर आपल्या गटात कुणीही कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये, एवढे आधीच ठरवून घ्या.

प्रश्न : लुक्लाहून उड्डाण नेहमी उताराच्या दिशेनेच होते, असे वाचले. वारा पाठीमागून असेल तर? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. वर चढत उतरायचे आणि खाली उतरत उडायचे, हाच तेथील नियम आहे. पाठीमागचा वारा मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर विमान थांबून राहते. उतारावर वेग लवकर मिळतो, पण अर्ध्या पट्टीनंतर ब्रेक लावून थांबण्याचा पर्याय जवळजवळ उरत नाही, कारण पुढे पट्टी संपते आणि दरी सुरू होते. म्हणून वैमानिक वरच्या टोकाला ब्रेक दाबून धरतो, दोन्ही इंजिनांची शक्ती पूर्ण वाढवतो, तापमानाचे आणि फिरकीबलाचे (टॉर्क, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या जोराचे) काटे वाचतो, आणि एकही काटा खटकला तर शक्ती काढून विमान जागच्या जागी ठेवतो.