नवीन राउटर बसवल्यापासून प्रिंटरला घरचं वायफाय सापडत नाही, काय करू?

मोबाइलला वायफाय मिळतंय आणि फक्त प्रिंटरलाच मिळत नाहीये, म्हणजे प्रिंटर बिघडलेला नसावा. बरेचसे घरगुती प्रिंटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यावरच (बँडवरच) चालतात. बरेच नवे राउटर २.४ आणि ५ असे दोन्ही बँड एकाच नावाने दाखवतात, तिथेच गाडी अडते.

राउटरच्या खालच्या स्टिकरवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१. तो ब्राउझरमध्ये टाकून सेटिंग उघडा आणि २.४ ला वेगळं नाव द्या. तिथेच वायफायच्या सुरक्षेची पद्धत फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२ करा, जुन्या प्रिंटरना ३ कळत नाही. मग मोबाइल त्याच नावाला जोडून प्रिंटरच्या अ‍ॅपमधून नव्याने सेटअप करा. बऱ्याच प्रिंटरचं वायफायचं बटण दाबून धरलं की दिवा लुकलुकायला लागतो, तेव्हाच तो नवं नेटवर्क घ्यायला तयार असतो. गेस्ट नेटवर्कला (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला) मात्र जोडू नका, तिथे उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

आमच्याकडे याच घोळात मुलीचं हॉल तिकीट ऐन वेळी अडकलं होतं. घाईत असाल तर सरळ यूएसबी केबल लावून छापा, वायफायचं नंतर बघता येईल.