बीएस्सी केमिस्ट्रीनंतर पर्यावरणाची वकिली? एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ताईंची लेक बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मार्क चांगले आहेत, ओळखीतून एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबला, लागायची सोय होतेय, आणि पोरगी म्हणतेय मला तीन वर्षांचं एलएलबी करायचंय आणि मग फक्त पर्यावरणाच्याच केसेस करणाऱ्या एखाद्या छोट्या वकिली ऑफिसात काम करायचंय. कॉलेजात अशा ऑफिसातल्या एक वकील मॅडम बोलायला आल्या होत्या, तेव्हापासून हेच चाललंय. ताईंना तीन गोष्टी खातायत: असं चार-पाच जणांचं ऑफिस दिवसभर करतं काय आणि त्यांना पैसे देतं कोण, केमिस्ट्रीची तीन वर्षं पाण्यात जाणार का, आणि मोठ्या लोकांशी वैर घेणारं काम मुलीला झेपेल का.

पहिल्यापासून सुरू करते, कारण ते कळलं की बाकीच्या दोन्हीचा अर्धा उलगडा होतो.

पर्यावरणाचा वकील म्हटलं की आपल्याला मोर्चा, धरण, सुप्रीम कोर्ट असलं काहीतरी दिसतं, आणि तेही आहेच, १९८५ च्या दिल्लीतल्या ओलियम (तीव्र आम्ल) गळतीनंतर वकील एम. सी. मेहतांच्या केसमधून या देशात घातक उद्योगांच्या जबाबदारीचा कायदा घडला, हे तुमची लेक पहिल्या वर्षातच वाचेल. पण छोट्या ऑफिसचं रोजचं काम बहुतेक वेळा टेबलावरचं असतं. कारखाना उभारायच्या आधी प्रदूषण मंडळाकडून कन्सेंट टू एस्टॅब्लिश लागतं, चालू करायच्या आधी कन्सेंट टू ऑपरेट, आणि त्या कागदावर ढीगभर अटी असतात ज्या मालकानं बऱ्याचदा नीट वाचलेल्याच नसतात. मग मंडळाची शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस येते, कधी थेट प्लँट बंद करायचे, वीज-पाणी तोडायचे निर्देश येतात, आणि मालक फाइल घेऊन धावत वकिलाकडे येतो. त्याला उत्तर लिहून देणं, सुनावणीला सोबत जाणं, आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून त्याच्या तारखा सांभाळणं, म्हणजे घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनच्या आत, फॉर्म पाच (वार्षिक पर्यावरण विवरणपत्र) ३० सप्टेंबरच्या आत, पर्यावरण मंजुरीचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला, हे सगळं त्या ऑफिसचं काम. पुन्हा कुणी जमीन घेतंय, सातबारा स्वच्छ दिसतोय, पण ती सीआरझेडमध्ये (बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीत) येते का, इको सेन्सिटिव्ह झोनमध्ये (अभयारण्यांसारख्या जागांभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात) येते का, १९७५ च्या खासगी वनांच्या कायद्याखाली अडकलीय का, हे तपासून लेखी मत द्यायचं. यातून ऑफिसचा खर्च निघतो. पैसे कोण देतं याचं साधं उत्तर हेच आहे, कारखानदार, बिल्डर, नगरपालिका, जमीन घेणारे.

दुसऱ्या बाजूला माणसं येतात. विहिरीचं पाणी लाल झालेला शेतकरी, शेजारी क्रशर सुरू झालेली वाडी, कचरा डेपोच्या धुरानं वैतागलेली सोसायटी. त्यांच्याकडून फी थोडी मिळते, कधी अजिबात नाही, कधी एखादी संस्था खर्च उचलते. इथं ऑफिस काय करतं तर प्रकल्पाची जनसुनावणी लागली की पर्यावरण अहवालाचा मसुदा वाचून लेखी हरकती तयार करून देतं (२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, पण अहवाल असतो काहीशे पानांचा आणि तोही बहुतेक इंग्रजीत, त्यामुळे ते तीस दिवस कसे जातात कळत नाही), माहिती अधिकारात कागद काढतं, आणि गरज पडली तर राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायाधिकरणाकडे, जातं. लवाद २०१० च्या कायद्यानं झाला, आपलं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, आणि नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी हजार रुपये आहे, म्हणजे दार सामान्य माणसाला उघडं आहे.

पण मुदत. ताई, या क्षेत्रात काम करणारा कुणीही तुम्हाला सांगेल की लोक उशिरा येतात. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर तीस दिवस, कारण पटलं तर लवाद आणखी साठ देऊ शकतो, त्यानंतर एक दिवसही वर नाही. इतर वादाला सहा महिने आणि वर साठ दिवस. गावात लोक आधी ग्रामपंचायतीत जातात, मग तहसीलदार, मग आमदार, प्रत्येक ठिकाणी बघतो म्हणतात, आणि वकिलाकडे पोचेपर्यंत मुदत गेलेली असते. त्यामुळे अशा ऑफिसात ज्युनियरला पहिलं शिकवतात ते तारखांची यादी करायला, कोणता कागद कधीचा, कुणाच्या हातात कधी पडला. कंटाळवाणं वाटेल पण केस यावर उभी राहते किंवा पडते.

आता केमिस्ट्री. इथं मला तुमच्याशी सरळ असहमत व्हायचंय. वाया तर जात नाहीच, उलट अशा छोट्या ऑफिसांना जे मिळत नाही ते तुमच्या मुलीकडे आहे. बहुतेक वकील आर्ट्स-कॉमर्समधून आलेले असतात किंवा बारावीनंतर थेट लॉला गेलेले असतात आणि लॅबचा रिपोर्ट समोर आला की शेवटच्या रकान्यात मर्यादेत की मर्यादेबाहेर एवढंच बघतात. एक उदाहरण देते, तिला दाखवा. नाल्याच्या पाण्याचा रिपोर्ट आहे, त्यात बीओडी आणि सीओडी हे पाण्यातली घाण मोजणारे दोन आकडे आहेत, आणि बीओडी सीओडीपेक्षा मोठा लिहिलाय. वकील पुढे जाईल. केमिस्ट्रीची पोरगी तिथंच थांबेल, कारण सीओडीमध्ये जवळजवळ सगळं सेंद्रिय द्रव्य मोजलं जातं आणि बीओडीमध्ये फक्त जिवाणू खाऊ शकतात तेवढंच, मग बीओडी वर कसा जाईल, म्हणजे चाचणीत नाहीतर लिहिण्यात कुठंतरी घोळ आहे. हा एक प्रश्न उलटतपासणीत विचारला की पूर्ण रिपोर्टवरचा विश्वास हलतो.

तसंच नमुना घेण्याचं. १९७४ च्या पाणी कायद्याचं कलम २१ तिला आत्ताच वाचायला सांगा, दीड-दोन पानांचं आहे. मंडळाच्या अधिकाऱ्यानं कारखान्यातून सांडपाण्याचा नमुना घेतला तर आधी तिथल्या माणसाला विश्लेषण करणार असल्याची नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना खूण करून सील करायचं, त्यावर दोघांच्या सह्या, आणि हे झालं नसेल तर त्या विश्लेषणाचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. खरंच नदी घाण करणारा कारखाना एका न झालेल्या सहीवर सुटू शकतो, आणि चांगलं काम करणारा एखादा चुकीच्या नमुन्यावर अडकू शकतो. बाटली कशात ठेवली, थंड ठेवली का, लॅबला किती तासांनी पोचली, सीओडीसाठी आम्ल घातलं होतं का, हे प्रश्न जिला प्रॅक्टिकलमुळे माहीत आहेत ती पहिल्या दिवसापासून कामाची.

आणि गणित. लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण मंडळानं पर्यावरण भरपाई काढायचं एक सूत्र केलं, प्रदूषण निर्देशांक गुणिले नियमभंगाचे दिवस गुणिले रुपयांचा गुणक गुणिले कारखान्याचा आकार गुणिले ठिकाण. लाल, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषणाच्या, वर्गातला मध्यम कारखाना धरा, निर्देशांक ८०, रुपयांचा गुणक २५०, बाकी दोन्ही १, म्हणजे दिवसाला २०,००० रुपये. नियमभंग कधी सुरू झाला आणि कधी संपला यात तीस दिवसांचा फरक पडला तर सहा लाख इकडचे तिकडे. मग दोन्ही बाजूंचे वकील भांडतात ते त्या दिवसांवर, आणि दिवस ठरतात ते ऑनलाइन मॉनिटरच्या नोंदींवर, लॉगबुकवर, इटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) विजेच्या मीटरवर. हे ज्याला वाचता येतं तो खरा उपयोगाचा.

पैशाचं मात्र गोड बोलून सांगणार नाही. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं की ज्युनियर वकिलांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्यावा, पण ती सूचना आहे, सक्ती नाही, आणि छोट्या ऑफिसात याहून कमीवर सुरुवात होऊ शकते. क्यूसीची नोकरी पहिल्या महिन्यापासून नक्कीच बरी दिसेल. तुमच्या घरी तिच्या पगारावर काही हप्ता किंवा धाकट्याचं शिक्षण अवलंबून असेल तर हे उघड बोला, लपवू नका, मग ती एक-दोन वर्षं नोकरी करून नंतर लॉला जाऊ शकते, त्यात कमीपणा नाही, आणि कंपनीच्या इटीपी लॅबमध्ये काम मिळालं तर तो अनुभव पुढे फार उपयोगी पडेल. अवलंबून नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, सरळ लॉला पाठवा.

छोटं ऑफिस की मोठी फर्म यावर तिनं स्वतः विचार केलाय असं पत्रावरून दिसतं आणि तो बरोबर आहे. मोठ्या ठिकाणी पगार चांगला पण पहिली काही वर्षं एकाच प्रकारच्या कागदांत जातात. छोट्या ठिकाणी तीच क्लायंटशी बोलते, तीच साइटवर जाते, तीच अर्ज टाइप करते, संध्याकाळी पानांना नंबर घालते आणि दुसऱ्या दिवशी सिनियरच्या मागं लवादात उभी असते. वाईट बाजू म्हणजे सगळं एका सिनियरच्या स्वभावावर आणि त्याच्याकडच्या कामावर अवलंबून, तो शिकवणारा नसेल तर वर्षं फुकट. शिवाय कायदा सारखा हलतो. प्रकल्प आधी बांधायचा आणि पर्यावरण मंजुरी मागाहून घ्यायची हे चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये सांगितलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो निकाल दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं मागं घेतला. मोठ्या फर्ममध्ये हे टिपून ठेवायला वेगळी माणसं असतात, इथं स्वतःच रोज वाचावं लागतं.

धोक्याबद्दल. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. वाळू आणि खाणींच्या प्रकरणांत तक्रारदारांना धमक्या येतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण जास्त झळ गावात राहणाऱ्या तक्रारदाराला बसते, वकील कागदावर आणि कोर्टात असतो, आणि चांगलं ऑफिस ज्युनियरला एकटीला साइटवर पाठवत नाही. हे गृहीत मात्र धरू नका, विचारून घ्या: साइट व्हिजिटला कोण सोबत असतं, गाडी कुणाची, तुमचा नंबर क्लायंटला देतात का. मुलीनं हे विचारणं अजिबात आगाऊपणाचं नाही.

आता करायचं काय ते. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत ४५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गाला सवलत आहे), आपल्याकडे राज्याच्या सीईटी सेलची लॉची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या कोर्सची वेगवेगळी असते, फॉर्म भरताना नीट बघा. पत्रात तुम्ही विचारलंय की नोकरी करत बाहेरून एलएलबी होईल का, तर नाही, दूरस्थ एलएलबीला बार कौन्सिल मान्यता देत नाही आणि वर्गाला हजेरी लागते. नंतर सनद (वकिलीचा परवाना) घ्यायची आणि ऑल इंडिया बार एक्झाम द्यायची. नोंदणीच्या नावाखाली कुणी हजारो रुपये मागितले तर लक्षात ठेवा, सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये सांगितलंय की खुल्या वर्गाला ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

अशी ऑफिसं सापडत नाहीत अशी मुलांची तक्रार असते, आणि त्याचं कारण आहे, वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे, त्यामुळे बोर्डावर पर्यावरण वकील असं लिहिलेलं दिसणार नाही. सोपा मार्ग सांगते. लवादाच्या वेबसाइटवर पुणे खंडपीठाचे आदेश सगळ्यांना मोफत वाचता येतात, पहिल्याच पानावर कुठल्या बाजूनं कोण वकील उभा होता ते लिहिलेलं असतं. तिनं गेल्या वर्षभरातले आदेश चाळावेत, जी नावं पुन्हा पुन्हा दिसतात त्यांची यादी करावी, आणि त्यातल्या चार-पाच जणांना मराठीत किंवा इंग्रजीत छोटं पत्र लिहावं, की मी केमिस्ट्रीची आहे, अमुक आदेशातला लॅबचा मुद्दा मी वाचला, सुट्टीत महिनाभर शिकायला येऊ का. कॉलेजला आलेल्या त्या मॅडमना सगळ्यात आधी. एलएलबीला प्रवेश घेतलेला नसला तरी विचारायला हरकत नाही.

तिथं गेल्यावर एक गोष्ट नक्की विचारायला सांगा, तुम्ही कारखान्यांची कामं घेता, लोकांची घेता, की दोन्ही, आणि एकाच पट्ट्यात दोन्हीकडून विचारणा आली तर काय करता. काही ऑफिसं फक्त लोकांच्या बाजूनं उभी राहतात, काही फक्त उद्योगांच्या, काही दोन्ही करतात पण कुठं थांबायचं ते त्यांनी ठरवलेलं असतं. मला स्वतःला यातलं काहीच चुकीचं वाटत नाही, कारखान्याला वेळेत नीट सल्ला मिळाला तर नाल्यात घाण जायचीच थांबते. पण तुमच्या मुलीला काय पटतं हे तिला त्या महिन्यात कळायला हवं, आणि उत्तर द्यायला टाळाटाळ करणाऱ्या ऑफिसात पुढे जाऊ नये.

क्यूसीवाल्यांना लगेच नाही म्हणू नका, जॉइनिंग परीक्षेनंतर करता येईल का एवढं विचारून ठेवा. तिचा महिना झाला की तिलाच मला लिहायला सांगा, तिथं काय काय काम केलं ते सविस्तर, मग कॉलेजची निवड आपण बघू.