कपाटाचे भाग कमी निघाले, आता?

प्रश्न : घरी जोडायचं कपाट घेतलं. अर्धं उभं केल्यावर कळलं, दोन कॅम लॉक (फळ्या एकमेकींना आवळून धरणारे छोटे गोल तुकडे) आणि एक बिजागरी नाही. परत करावं का?

उत्तर : आधी जोडणी थांबवा, जोडलेली वस्तू परत घ्यायला विक्रेते कुरकुर करतात. थर्माकोलच्या खाचा आणि फळ्यांची भोकं पुन्हा बघा, कधीकधी कॅम लॉक आधीच फळीत बसवलेले असतात. मग जोडणीच्या पत्रकातल्या यादीशी सगळे भाग ताडून फोटो काढा. खोक्यावरच्या बॅच क्रमांकाचाही काढा. विक्रेत्याला लेखीच कळवा: बिल क्रमांक, भागाचा क्रमांक, नग, उत्तराची मुदत. नुसतं ‘सामान कमी आहे’ लिहिलं की हमखास चुकीची पिशवी येते! दरम्यान दुसरा जाड स्क्रू पिळू नका, भुशाची फळी फुटते आणि दोष तुमच्यावर येतो. मुदतीत भाग आले नाहीत, तर बदली किंवा परतावा मागा.